कॉफीबरोबरची दहा मिनिटे : छोटे आणि सौम्य सिगारिलो

केम्पेनकर

नेदरलँड्समधल्या आइंडहोव्हनच्या आसपास आता मराठी घरे पुष्कळ झाली आहेत, पण आपण राहतो तो केम्पेनचा मुलूख एके काळी सिगार वळणाऱ्यांचा मुलूख होता, हे आपल्यापैकी फार थोड्यांच्या कानावर आलेले असते. मलाही पहिली दोन वर्षे त्याचा पत्ता नव्हता. फेल्डहोव्हनहून सायकलने निघाले की एर्सल, डाउझल, फाल्कन्सवार्ड ही गावे एका दुपारीत पालथी घालता येतात आणि या प्रत्येक गावाने कधी ना कधी सिगारीवर पोट भरलेले आहे. इथली जमीन रेताड असल्यामुळे शेतीचा भरवसा नव्हता आणि मजुरी स्वस्त होती. त्यामुळे एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात इथे सिगारीचे कारखाने उभे राहिले. १८९१ साली फिलिप्सचे दिवे आले, त्याआधीपासून आइंडहोव्हनमध्ये सिगारी वळल्या जात होत्या. पान मात्र इथले नव्हते. ते सुमात्रातल्या देली भागातून आणि जावातून जहाजाने यायचे आणि ॲमस्टरडॅमच्या बाजारात विकले जायचे. डाउझलला १९०४ मध्ये ‘आगिओ’ सुरू झाली, फाल्कन्सवार्डला ‘विलेम द्वितीय’ आणि ‘हॉफनार’ या सिगारी होत, आणि एर्सलच्या ‘हेन्री विंटरमान्स’ने १९६३ मध्ये ‘कॅफे क्रेम’ बाजारात आणली. पत्र्याच्या चपट्या डबीतला तो छोटा, सौम्य सिगारिलो हाच आजच्या धाग्याचा विषय आहे.

ज्यांनी पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. सिगारिलो म्हणजे लहान सिगार. युरोपच्या नियमांत तीन ग्रॅमपर्यंत वजनाच्या सिगारीला हे नाव आहे आणि मी ज्या प्रकाराबद्दल बोलतो आहे तो त्याहूनही पुष्कळ हलका, जेमतेम तीन इंच लांब आणि पेन्सिलीइतका जाड असतो. मोठी, हाताने वळलेली सिगार ओढायला तासभर लागतो. हा आठ-दहा मिनिटांत संपतो. सिगारेटशी त्याचे नाते दिसण्यापुरतेच आहे, कारण सिगारेट कागदात गुंडाळलेली असते आणि याच्या बाहेरही तंबाखूच असते. आत बारीक कापलेला चुरा, त्यावर बांधणारा थर आणि सगळ्यात वर पातळ पान, अशी त्याची रचना असते. स्वस्त मालात बांधणारा थर, आणि कधीकधी वरचे पानसुद्धा, तंबाखूच्या भुकटीपासून कागदासारखे लाटून केलेले असते. बोटांत धरल्यावर हा फरक कळतो : खऱ्या पानावर बारीक शिरा लागतात, लाटलेले पान सगळीकडून एकसारखे गुळगुळीत असते.

शनिवारी दुपारचे जेवण झाले, भांडी आवरली की मी घरामागच्या बाकावर कॉफी घेऊन बसतो. डबी उघडली की वर पातळ कागदाची घडी असते आणि ती उचलली की दहा सिगारिलो अंगाला अंग लावून निजलेले दिसतात. वास सुक्या गवताचा, थोडासा कोकोचा, आणि नव्या कोऱ्या वहीचे पान उलटताना येतो तसाही. पेटवताना तो ज्योतीत खुपसायचा नसतो. ज्योतीच्या टोकापासून बोटभर वर धरून फिरवत राहायचे, टोक चहूबाजूंनी सारखे तांबूस झाले की मगच पहिला हलका झुरका घ्यायचा. पुढे साधारण मिनिटाला एक झुरका पुरतो. धूर तोंडात घोळवून बाहेर सोडायचा. तो छातीत न्यायचा नाही. घाईने ओढला तर एवढी लहान वस्तू लगेच तापते आणि चव कडू, चरचरीत होते. मग माणूस ‘ही तंबाखूच वाईट’ असा शिक्का मारून मोकळा होतो. चुरा बारीक असल्यामुळे राख मोठ्या सिगारीसारखी इंचभर टिकत नाही, अर्ध्या सेंटिमीटरवर आपली आपण गळते, तेव्हा रकाबी हाताशी असावी. शेवटचा इंच मी ओढत नाही. तिथे धूर गरम होतो आणि चव उतरते. रकाबीत ठेवून दिला की तो आपणहून विझतो, थोटूक चिरडण्याची गरज पडत नाही.

आता ‘सौम्य’ या शब्दाविषयी, कारण त्यावरूनच गैरसमज होतात. चवीचा सौम्यपणा पानातून येतो. तंबाखूच्या झाडाच्या खालच्या भागातली पाने सावलीत वाढतात आणि पातळ, हलकी निघतात. शेंड्याकडची पाने ऊन खाऊन जाड आणि कडक होतात. भरणीत खालची पाने जास्त घेतली आणि वर सुमात्राचे किंवा कापडाच्या मांडवाखाली वाढवलेले कनेक्टिकटचे फिकट पान चढवले की मवाळ सिगारिलो तयार होतो. ब्राझीलचे गडद पान आले की गोडसर आणि जड होतो. हा सगळा जिभेचा हिशेब झाला. शरीराच्या हिशेबात सौम्य असे काही नसते, आणि म्हणूनच युरोपात २००३ पासून तंबाखूच्या पाकिटावर ‘माइल्ड’, ‘लाइट’ असले शब्द छापायला मनाई आहे. डबीचा रंग निळा आहे की लाल, यावरून अपाय कमी-जास्त होत नाही. व्हॅनिला किंवा चेरीचा वास दिलेले आणि टोकाला लाकडी नळी बसवलेले प्रकार मला मुळीच पटत नाहीत, कारण त्यात पानाची चव झाकली जाते आणि उरते ती गोळी चघळल्यासारखी गोडी. एकदा दुकानात घाईत तशी डबी हाती आली होती. दोन ओढून उरलेले आठ मी टाकून दिले.

माझी पहिली वेळ मात्र फसली होती. सकाळी रिकाम्या पोटी, थंडीत, चार झुरके भराभर घेतले आणि पाचव्याला कपाळावर घाम आला, पोटात ढवळले, बाकावर मान खाली घालून बसावे लागले. सिगारीचा धूर अल्कधर्मी असतो, त्यामुळे त्यातले निकोटिन गालाच्या आणि जिभेखालच्या अस्तरातूनच रक्तात उतरते. छातीत न ओढताही ते पोहोचते, हे मला तेव्हा माहीत नव्हते. तेव्हापासून भरल्या पोटी, बसून आणि आठवड्यात दोन, हा माझा नेम आहे. एक डबी पाच आठवडे जाते.

आपल्यापैकी आणखी कोणी हे छोटे प्रकार ओढत असेल, तर कुठले पान आवडते, कसे ठेवता आणि स्वतःला कसा आवर घालता, हे वाचायला मला आवडेल.

निपाणीवाला

केम्पेनकर, शेंड्याच्या पानाबद्दल तुम्ही लिहिलेत आणि माझ्या डोळ्यांसमोर घरचे रान आले. आमच्याकडे तंबाखू विडीची. कळी दिसू लागली की शेंडा खुडतात आणि बगलेतले फुटवे काढत राहतात, म्हणजे झाडाचा सगळा जोर मोजक्या पानांत उतरतो आणि पान जाड, चिकट, कडक होते. खुडणीच्या दिवसांत हाताला जो काळा चीक बसतो तो साबणाने जात नाही. आई चिंचेच्या पाण्याने हात धुवायची. तुमच्या त्या फिकट पानासाठी सावलीचा मांडव घालतात, आणि आमची सगळी खटपट पान कडक करण्यासाठी. पीक एकच आहे, पण हेतू अगदी उलटे आहेत.

दुसरी गोष्ट विडीची. विडीत तंबाखू फार थोडी, साधारण पाव ग्रॅमच्या आतबाहेर असते, पण तेंदूच्या पानातून हवा नीट खेळत नसल्यामुळे ती सतत ओढत राहावे लागते, नाहीतर विझते. आमच्या काकांनी चाळीस वर्षे विडी ओढली. मागे एका पाहुण्याने त्यांना सिगारिलो दिला, तर त्यांनी तो विडीसारखाच पटापट ओढला आणि ठसक्याने बेजार झाले. ‘हिला दम नाही, नुसता चटका आहे,’ असे म्हणून त्यांनी ठेवून दिला. तुमचे वाचल्यावर कळले की दोष हाताच्या सवयीचा होता. विडी विझू नये म्हणून ओढायची असते आणि हा तापू नये म्हणून थांबत थांबत ओढायचा असतो.

कोकणवासी

साठवणीबद्दल लिहितो, कारण पावसाळ्यात माझे दोन डबे फुकट गेले आहेत. हॉलंडचे छोटे सिगारिलो मुळात कोरडे बनवलेले असतात. क्यूबाच्या हाताने वळलेल्या सिगारीला पासष्ट-सत्तर टक्के आर्द्रतेची पेटी लागते, तशी यांना लागत नाही. कोरडेच ठेवायचे आणि कोरडेच ओढायचे. पण जुलैत आमच्याकडे भिंतींना घाम सुटतो. उघडलेली डबी आठवड्यात दमट झाली, सिगारिलो फुगले, वरचे पान शिवणीवर उकलले आणि झुरका ओढता ओढता गाल दुखू लागले. दुसऱ्या डबीवर पांढरी बुरशी आली. ती पुसून ओढायचा विचारही करू नये, सरळ फेकून द्यावी.

आता मी पत्र्याची डबी घट्ट झाकणाच्या स्टीलच्या डब्यात ठेवतो आणि त्यात औषधांच्या बाटलीत येतात तसल्या ओलावा शोषणाऱ्या दोन पुड्या टाकतो. किड्याकडेही लक्ष ठेवावे. वरच्या पानाला टाचणीने टोचल्यासारखे गोल भोक दिसले, तर तो तंबाखूचा किडा समजावा. हळदीच्या आणि मिरचीच्या डब्यात जो बारीक तांबूस किडा होतो, तोच हा. उकाड्यात त्याची अंडी उबतात. असा माल स्वयंपाकघरातल्या फडताळात ठेवला, तर मसाल्यांनाही लागण होते आणि घरात बोलणी बसतात ती वेगळीच.

मिलानोहून

केम्पेनकरांच्या यादीत इटलीची भर घालतो, पण इशाऱ्यासह. इथे लोक ‘तोस्कानो’ ही सिगार अर्धी कापून ओढतात आणि ‘तोस्कानेल्लो’ ही मुळातच अर्ध्या मापाची असते. आकार पाहून ती तुमच्या सिगारिलोची बहीण वाटते, पण स्वभाव अगदी निराळा. तिच्यात केंटकी जातीचे पान असते आणि ते लाकडाच्या धुरावर सुकवतात, त्यामुळे पेटवण्याआधीच चुलीजवळच्या भिंतीसारखा वास येतो. असे सांगतात की १८१५ मध्ये फिरेंझेच्या (फ्लॉरेन्सच्या) कारखान्यात उन्हात वाळत घातलेला पानांचा ढीग पावसात भिजला, आंबला आणि फेकून देण्याऐवजी त्याच्या स्वस्त सिगारी वळल्या गेल्या. १८१८ पासून त्याचे रीतसर उत्पादन सुरू झाले. ज्याला मवाळ हवे त्याने आकाराला भुलून ही घेऊ नये. लहान म्हणजे सौम्य, हे समीकरण चुकीचे आहे.

ठाणेकर_जुना

हा धागा मी तीनदा वाचला आणि लिहू की नको असे झाले, पण लिहायलाच हवे. मी बावीस वर्षे सिगारेट ओढली, दिवसाला एक पाकीट. ‘सिगारेट सोडायची तर सिगारिलो घे, आठवड्याला चार पुरतात,’ असा सल्ला एका स्नेह्याने मनापासून दिला आणि मी तो मनापासून मानला. पहिला महिना ठीक गेला. पण ज्याच्या छातीला धुराची सवय आहे, त्याच्या तोंडात धूर थांबत नाही. माझे लक्ष जरा दुसरीकडे गेले की झुरका आपोआप खाली उतरायचा. सिगारिलो सौम्य होता म्हणूनच तो खाली उतरू शकला. मोठ्या कडक सिगारीने ठसका लावून मला थांबवले असते. तिसऱ्या महिन्यात मी दिवसाला आठवर गेलो होतो, तेही छातीत ओढून, आणि मनाशी मात्र ‘सिगारेट सोडली’ असे म्हणत होतो. बायकोने एकदा रिकाम्या डब्या मोजून जेवणाच्या टेबलावर रचून ठेवल्या. ती काही बोलली नाही. त्या रात्री मला पहिल्यांदा माझा आकडा कळला.

मी पुढे सगळेच सोडले, त्याला सहा वर्षे झाली. केम्पेनकर, तुमच्या लिहिण्यात खोट नाही, तुम्ही सांगता तसे ओढणारी माणसे असतील. पण तुम्ही सिगारेट कधी ओढलेली नाही, असा माझा तर्क आहे. ज्याने ओढली आहे त्याच्यासाठी ही दहा मिनिटे वेगळी असतात.

केम्पेनकर

ठाणेकर, तुमचा तर्क खरा आहे. मी सिगारेट कधीच ओढली नाही, आणि ‘छातीत न्यायचा नाही’ हे वाक्य मी किती सहज लिहून गेलो ते तुमचा प्रतिसाद वाचल्यावर लक्षात आले. मला ते सोपे जाते, कारण माझ्या शरीराला दुसरी वाट ठाऊकच नाही. सिगारेटवरून इकडे येऊ पाहणाऱ्याने माझा लेख सल्ला म्हणून वाचू नये, आधी तुमचा प्रतिसाद वाचावा. सौम्यपणामुळेच धूर खाली उतरतो, हा मुद्दा मी या विषयावर इतके वाचूनही कधी नीट पाहिला नव्हता. मी सौम्यपणाला निव्वळ चवीचा गुण समजत होतो.

कोकणवासी, ओलाव्याच्या पुड्यांची युक्ती इथे हिवाळ्यात उलटी करावी लागते. घरातल्या हीटरने सिगारिलो इतके सुकतात की वरचे पान बोटांत तडकते. मी डबी थंड पडवीत ठेवतो.

मांडवीकाठ

गोव्यातून एक आठवण. आमच्या जुन्या घरी कामाला येणारी एक म्हातारी धुमटी ओढायची. फणसाचे सुके पान घेऊन त्यात तंबाखू भरून निमुळती वळायची आणि पेटलेले टोक तोंडात धरायची. लहानपणी आम्हांला ती जादू वाटायची : ओठ मिटलेले, बाहेर नुसते फणसाच्या पानाचे टोक आणि नाकातून धूर. भात लावताना हात चिखलात असत, पाऊस वरून कोसळत असे, आणि तिचा विस्तव तोंडात सुरक्षित राहत असे. उलटे ओढण्याची ही रीत आंध्रच्या किनाऱ्यावर चुट्ट्याच्या, म्हणजे तिथल्या गावठी सिगारीच्या, बाबतीतही आहे. टाळूला रोज तो चटका बसतो आणि टाळूचा कर्करोग अशा लोकांत अधिक दिसतो. त्या म्हातारीची टाळू खडबडीत, पांढुरकी झाली होती, हे ती स्वतः तोंड उघडून दाखवायची. आम्ही पोरे घाबरून पळायचो. युरोपातली डबी आणि आमची धुमटी यांच्यात किती अंतर आहे असे वाटते, पण दोन्ही अखेर पानात गुंडाळलेले पानच आहे.

पंचवटी

मी दंतवैद्य आहे, धूम्रपान करत नाही, आणि तरीही हा धागा आवडीने वाचला, कारण इथे कोणी काही लपवलेले नाही. सिगार ओढणारे रुग्ण मला ठामपणे सांगतात की ‘आम्ही छातीत घेत नाही.’ त्यांचे म्हणणे बहुधा खरे असते. फुप्फुसाचा धोका त्यामुळे सिगारेटपेक्षा कमी होतो, नाहीसा होत नाही. आणि तोंड, घसा, स्वरयंत्र, अन्ननलिका यांना मात्र धूर तसाच भिडतो, कारण तो तिथेच घोळवला जातो. केम्पेनकरांना ज्या चवीचे कौतुक आहे, ती घेणारी जागाच आधी पोळते.

म्हणून जे ओढतात त्यांनी एवढे करावे. महिन्यातून एकदा सकाळी उजेडात आरशासमोर उभे राहावे, गाल बोटाने बाहेर ओढून आतली बाजू पाहावी, जीभ उचलून खालचा भाग पाहावा, मान मागे करून टाळू पाहावी. पुसला न जाणारा पांढरा किंवा लाल चट्टा, दोन आठवड्यांत न भरलेले तोंड येणे, तिखट अचानक सोसेनासे होणे, तोंड पूर्वीइतके न उघडणे, यातले काहीही दिसले तर डॉक्टरांकडे जावे, दुखण्याची वाट पाहू नये. सुरुवातीला ते दुखत नाही. भारतात पाकिटाच्या ८५ टक्के भागावर जे चित्र छापतात, ते शेवटच्या टप्प्याचे असते आणि त्यामुळे प्रत्येकाला वाटते की आपले तसे काही नाही. मी जे पाहते तो पहिला टप्पा असतो, नखाएवढा.

केम्पेनकर

पंचवटी, तुमचा प्रतिसाद आला त्याच सकाळी मी खिडकीशी उभा राहून तोंड तपासले. काही दिसले नाही, पण जिभेखाली आपण किती वर्षांत पाहिलेले नाही, हे मात्र जाणवले. पुढच्या महिन्यात दातांच्या नेहमीच्या तपासणीला जायचे आहे; तिथे मी आजवर ‘धूम्रपान नाही’ या चौकोनात खूण करत आलो, ती या वेळी बदलणार आहे. आठवड्याला दोन म्हणजे वर्षाला शंभर होतात, ही बेरीजही मी इतक्या दिवसांत केली नव्हती. आता पंधरवड्याला एक करून पाहतो. डबी बैठकीच्या मेजावरून उचलून पडवीतल्या वरच्या फळीवर ठेवली आहे. शिडी घ्यावी लागते.

निपाणीवाला

केम्पेनकर, डिसेंबरात गावी येणार असे मागे म्हणाला होतात. येताना एक डबी आणता आली तर काकांना पुन्हा एकदा, या वेळी नीट, दाखवावी असे माझ्या मनात आहे. त्यांची विडी डॉक्टरांनी बंद केली आहे, त्यामुळे ओढायला नको. पण उभा जन्म पान खुडण्यात आणि सुकवण्यात गेलेल्या माणसाला ते सुमात्राचे पान बोटांत धरून पाहायचे आहे.

केम्पेनकर

आणतो. भारतात येताना सामानात पंचवीस सिगारींपर्यंत शुल्काविना चालतात, तेव्हा एका डबीची अडचण नाही. मी ती न उघडताच आणीन, काकांनी आपल्या हाताने उघडावी. एक सिगारिलो उभा चिरून वरचे पान, मधला थर आणि चुरा असे तिन्ही वेगळे करून कागदावर मांडू. खालच्या पानाचा चुरा कुठला आणि शेंड्याचा कुठला, हे मला अजून ओळखता येत नाही. ते त्यांच्याकडून शिकायचे आहे.